प्लगला हात लावायचा नाही

इव्होनेतच्या नवऱ्याने सबंध संसारात एकच कायदा केला. बाकी सगळं त्याने बायकोवर सोपवलं होतं: पोराचं नाव, भिंतींचा रंग, बीन्सच्या आमटीत मीठ किती. "व्हिडिओ गेमने टीव्ही बिघडतो" हा कायदा मात्र त्याचा. तो त्याने कुठून आणला, हे विचारायची सोय नव्हती. गल्लीतल्या झाडून सगळ्या बापांचं याबाबतीत एकमत होतं, आणि एरवी हेच बाप फुटबॉलवरून एकमेकांचं तोंड बघत नसत.

व्हाल्दोमिरो बस चालवायचा. संध्याकाळी घरी आला की टोपी काढायच्या आधी टीव्हीच्या पाठीवर हात ठेवून बघायचा. पाठ गरम लागली की क्लेटनची, म्हणजे पोराची, धडगत नसे. क्लेटननेही त्यावर तोड काढली होती. बस वळणावर आली की तो टीव्हीवर ओलं फडकं टाकायचा आणि पंखा तिकडे वळवायचा. आता बसचा आवाज आधी कुणाला यायचा? इव्होनेतला. ती स्वयंपाकघरातून कढईवर पळी आपटायची, आणि मग मायलेक साळसूद चेहऱ्याने ताटं मांडायला लागायचे. व्हाल्दोमिरो गार टीव्हीवरून हात फिरवत म्हणायचा, "बघा, नीट वापरली की वस्तू कशी टिकते."

त्याची दुसरी खोड विजेची. ढग गडगडले की तो घरभर फिरून प्लग उपटायचा. फ्रिज, पंखा, इस्त्री, संत बेनेदितोच्या मूर्तीजवळचा दिवासुद्धा. मग आरशांवर चादरी टाकायचा, कारण आरसा वीज ओढून घेतो असं त्याच्या आईने त्याला सांगितलं होतं. अशाच एका वादळात क्लेटनचा खेळ अगदी शेवटच्या राक्षसापर्यंत आला होता, आणि व्हाल्दोमिरोने त्याचाही प्लग उपटला. गेमच्या त्या डब्यात खेळ राखून ठेवायची सोय नव्हती. वीज गेली की सगळं पुन्हा पहिल्यापासून. पूर्ण खेळ जिंकला की आमच्याकडे पोरं म्हणतात, 'खेळ शून्य केला'. क्लेटनला तो शून्य करणं कधीच जमलं नाही. त्या रात्री तो जेवला नाही, आणि इव्होनेतही तशीच निजली, पण ते तिने कुणाला सांगितलं नाही.

पुढे क्लेटन मोठा झाला, साओ पाउलोला नोकरीला लागला. आधी तो दर महिन्याला यायचा. मग नाताळला आणि मातृदिनाला. मग मातृदिनाला फक्त फोन यायला लागला. फोन उचलला की तो म्हणायचा, "आशीर्वाद दे, आई," आणि ती म्हणायची, "देव तुझं भलं करो, बाळा." त्यानंतर दोघांनाही काय बोलावं ते सुचायचं नाही, म्हणून मग पावसाची चौकशी व्हायची.

इव्होनेतचं पार्लर घराच्या पुढच्या खोलीत होतं. एक मोठा आरसा, दोन खुर्च्या, आणि केस वाळवायचं हेल्मेट, ज्याखाली बसलं की आपण सोडून सगळे ओरडून बोलताहेत असं वाटायचं. बैठकीत नवा चपटा टीव्ही आला तेव्हा जुना खोकेवाला टीव्ही तिने या खोलीत आणला. गिऱ्हाइकांना मालिका बघायला मिळावी, एवढाच हेतू. अँटेनाला तिने भांडी घासायची तारेची घासणीही खोचली. पण वर्षभरात सरकारने जुन्या टीव्हींचे सिग्नलच बंद केले आणि पडद्यावर नुसत्या मुंग्या राहिल्या. तिची रोजची गिऱ्हाईक दोना झुलेइका मात्र मुंग्याही मन लावून बघायची. तिचं म्हणणं, या मालिकेत निदान कुणी रडत तरी नाही.

झुलेइका पोस्टातून निवृत्त झालेली, म्हणून मानाने 'दोना', म्हणजे बाई. केसांना रंग लावून घ्यायला यायची आणि रंग वाळल्यावरही दुपार संपेपर्यंत बसायची. तिच्या सततच्या "आता काय बघायचं, आता काय बघायचं" ला कंटाळून इव्होनेतने एक दिवस क्लेटनचं कपाट उघडलं, तो डबा काढला, आणि पोरगा करायचा तशीच खेळाच्या कॅसेटमध्ये जोरात फुंकर मारली. मुंग्या गेल्या. पडद्यावर शिरस्त्राण घातलेला एक ढेरपोट्या शिपाई उभा राहिला.

"अगं बाई, हा तर आपला झेझिन्यो!" दोना झुलेइका म्हणाली. झेझिन्यो म्हणजे कोपऱ्यावरचा कसाई.

झालं. त्या दिवसापासून पार्लरमध्ये दुसरा विषय राहिला नाही. खेळातली अक्षरं जपानी, ती कुणाला वाचता येत नव्हती, त्यामुळे गोष्ट बायकांनी आपली आपणच रचली. वाड्यात कोंडलेली मुलगी झेझिन्योवर प्रेम करते, वटवाघळं म्हणजे तिच्या आत्या, आणि शेवटचा तीन डोळ्यांचा दगडी राक्षस हा राक्षस नसून मुलीचा बाप आहे.

"मारू नकोस गं त्याला, शेवटी सासरा आहे," झुलेइका हेल्मेटाखालून ओरडायची.

"सासरा आहे म्हणूनच मारतेय," इव्होनेत म्हणायची. हातात बटणं असली की तिच्या जिभेला धार चढायची.

व्हाल्दोमिरो आता निवृत्त होऊन घरीच असायचा. तो दारात उभा राहून म्हणायचा, "टीव्ही बिघडेल."

"व्हाल्दो, त्याला मुंग्या आल्यात. आता अजून काय बिघडायचंय त्याचं?"

"मी आपलं सांगून ठेवलं," असं म्हणून तो जाता जाता टीव्हीच्या पाठीवर हात ठेवायचाच.

इव्होनेतची बोटं सराईत होती. आयुष्यभर कात्री चालवलेली बाई, हळूहळू वाड्यामागून वाडे पार करायला लागली. पण दगडी सासऱ्यापाशी गाडी अडायची. मग मध्येच कुणीतरी केस कापायला यायचं, खेळ थांबवून ठेवावा लागायचा, आणि डब्यावरचा बारीक लाल दिवा दिवसरात्र जळत राहायचा.

आणि एका सोमवारी, मातृदिन नसताना, क्लेटनचा फोन आला.

"आशीर्वाद दे, आई."

"देव भलं करो, बाळा. बरा आहेस ना? काय झालं?"

"काही नाही गं. येत्या रविवारी येतोय. माझा तो जुना गेम आहे ना कपाटात? तो न्यायचाय. नव्या घरात काचेची शेल्फं केलीत, तिथे छान दिसेल."

"छान दिसेल म्हणजे? खेळणार नाहीस?"

"आता कोण खेळतंय, आई! शोभेला."

फोन ठेवल्यावर इव्होनेतला आधी आनंद झाला, पोरगा येतोय म्हणून. मग राग आला, डब्यासाठी येतोय म्हणून. मग तिने ठरवलं की रविवारच्या आत हा खेळ शून्य करायचाच. पोराला जे जमलं नाही ते करून दाखवायचं आणि म्हणायचं, घे, आता ठेव शोभेला.

शनिवारपर्यंत झेझिन्यो पुन्हा सासऱ्याच्या दारात येऊन उभा होता, अंगावर एकही जखम नसलेला. इतका धडधाकट तो कधीच पोचला नव्हता. पण दुपारी कसायाच्या मुलीचं लग्न, नवरीचा अंबाडा घालायचा, तेव्हा खेळ थांबवून जावंच लागलं. अंबाड्यात शेवटच्या पिना खोचताना बाहेर अंधारून आलं. पहिला गडगडाट झाला आणि इव्होनेतच्या हातातून पिना खाली पडल्या.

"देवा, व्हाल्दो घरी आहे!"

नवरीची आई घाबरली. "त्यांना बरं नाही का?"

"त्याला काय धाड भरलीय! प्लग!"

ती तशीच पावसात पळाली. घरी पोचली तेव्हा सगळं तिला वाटलं तसंच. पंखा बंद, फ्रिज मुका, इस्त्रीचा प्लग जमिनीवर. पार्लरमधल्या मोठ्या आरशावर फुलाफुलांची चादर. चादरीसमोर खुर्चीत दोना झुलेइका, वेळेआधी येऊन बसलेली. आणि टीव्ही काळाठिक्कर.

इव्होनेतचा तोल गेला. अंगातून पाणी निथळत ती नवऱ्यावर तुटून पडली. "झालं समाधान? एकदा पोराचा उपटलास, आता माझा! आयुष्यभर काही मागितलं का मी तुझ्याकडे? एक तो फुटका डबा..."

"अहो व्हाल्दो, सांगा ना तिला," झुलेइका म्हणाली.

व्हाल्दोमिरोने टीव्हीखाली बोट दाखवलं. तिथे लाल दिवा जळत होता. प्लग भिंतीत होता, आणि त्याच्याजवळ स्टूल टाकून व्हाल्दोमिरो रबरी बूट घालून बसला होता.

"टीव्हीचाच काढला फक्त," तो म्हणाला. "तूच म्हणाली होतीस ना, टीव्ही बंद केला तरी खेळ जात नाही, वीज डब्याला लागते. एकदा उपटला होता मी. पोरगा जेवला नव्हता." मग बुटांकडे बघत म्हणाला, "तूही नव्हतीस जेवली."

इतकी वर्षं हा माणूस मूग गिळून बसला होता आणि इव्होनेतला वाटत होतं की त्याला काही दिसतच नाही. तिला रडू आलं, पण झुलेइका टक लावून बघत होती, म्हणून तिने टॉवेलने तोंड पुसलं आणि म्हणाली, "बूट काढ ते. फरशी घाण केलीस."

वादळ ओसरलं. टीव्ही लावला. झेझिन्यो होता तिथेच उभा होता. बेकरीत गल्ल्यावर बसणारी मारिल्दा काम आटपून आली, झुलेइकाने केस रंगवायचं रद्द केलं, व्हाल्दोमिरो दारात न थांबता चक्क खुर्चीवर बसला. आणि त्या संध्याकाळी इव्होनेतने दगडी सासऱ्याचे तिन्ही डोळे फोडले.

काय आरडाओरडा झाला! मारिल्दाने झुलेइकाला मिठी मारली, व्हाल्दोमिरोने टाळ्या वाजवल्या आणि लगेच टीव्हीची पाठ चाचपून बघितली. पडद्यावर मुलगी आली, हात हलवला, जपानी अक्षरं वर सरकत गेली. मग काळोख. मग पुन्हा पहिलंच चित्र, बटण दाबा म्हणून.

"एवढंच?" इव्होनेत म्हणाली.

"लग्नपण नाही दाखवलं," झुलेइका म्हणाली.

बायका घरी गेल्या, पण इव्होनेत तशीच खुर्चीत बसून राहिली. शून्य. शब्द बरोबर होता. उद्या पोरगा येईल, जेवेल, डबा काखोटीला मारून जाईल, आणि मग त्याला या घरात यायला कारणच उरणार नाही. तिला तो हवा होता. डबा नव्हे, पोरगा. हे मनात अगदी स्पष्ट उमटल्यावर तिला स्वतःचाच राग आला, की हे कळायला एका ढेरपोट्या शिपायाची गरज लागावी.

त्या रात्री पार्लरमध्ये उशिरापर्यंत बटणं वाजत राहिली, आणि रविवारी ती डोकं दुखतंय म्हणून चर्चमध्ये मिस्सेला गेली नाही. व्हाल्दोमिरो एकटाच गेला, आणि येताना बेकरीसमोरच्या 'कुत्र्यांच्या टीव्ही'मधून भाजलेली कोंबडी आणायला थांबला. काचेमागे कोंबड्या गोल फिरतात आणि गल्लीतली कुत्री समोर बसून तासन्‌तास बघतात, म्हणून त्या यंत्राचं नाव ते. तो परत आला तेव्हा दारात क्लेटनची गाडी उभी होती. थोडं पोट सुटलेला, कपाळ वर सरकलेला क्लेटन पार्लरमध्ये हाताची घडी घालून उभा होता. पडद्यावर झेझिन्यो, आणि त्याच्यासमोर तीन डोळ्यांचा दगडी राक्षस, तिन्ही डोळे शाबूत.

"आई, तू इथपर्यंत पोचलीस? एकटी?"

"पोचले कशीबशी. पण पुढे काही जमत नाही बघ."

व्हाल्दोमिरोने तोंड उघडलं. जन्मात खोटं न बोललेला माणूस. त्याने पडद्याकडे बघितलं, बायकोकडे बघितलं. तिने कोंबडीची पिशवी त्याच्या हातातून घेताना त्याचा अंगठा जरा जोरात दाबला.

"फार अवघड आहे रे," व्हाल्दोमिरो म्हणाला. "मी बघितलंय ना. काल तर तिचा अगदी घाम निघाला."

"थांब, मी बघतो," असं म्हणून क्लेटन फरशीवर मांडी घालून बसला, लहानपणी बसायचा तसा. जेवण गार झालं. झेझिन्यो पडला, उठला, पुन्हा पडला. "डावीकडून ये, डावीकडून!" इव्होनेत ओरडली आणि लगेच जीभ चावली. कोंबडी खाऊन झाल्यावर क्लेटनने पुन्हा बटणं हातात घेतली, आणि उन्हं कलली तरी राक्षस तसाच उभा होता.

"मला निघायला हवं," तो शेवटी नाइलाजाने म्हणाला. डब्याकडे बघत त्याने डोकं खाजवलं. "हा आता नेला तर सगळं पुसलं जाईल, नाही का?"

"जाईलच," इव्होनेत म्हणाली. "पण ने की. शोभेला हवाय ना तुला?"

"राहू दे. बंद करू नका. पुढच्या रविवारी येऊन मी त्याला बघतोच." त्याने आईच्या कपाळाची पापी घेतली. "आशीर्वाद दे, आई."

"देव तुझं भलं करो, बाळा."

गाडी वळणावर दिसेनाशी झाली. मारिल्दाच्या बेकरीमागे ढग काळे होऊ लागले होते. इव्होनेत आत आली तेव्हा व्हाल्दोमिरो फ्रिज, पंखा, इस्त्री सगळ्यांचे प्लग काढून, रबरी बूट घालून लाल दिव्यापाशी स्टूल टाकत होता. पुढच्या खोलीत पाय ठेवणाऱ्या दोना झुलेइकाला त्याने दारातच हात आडवा केला.

"हे बघा," तो म्हणाला, "आजपासून या घरात एकच कायदा. त्या प्लगला कुणी हात लावायचा नाही."