गळा सोडून सत्कार

भिलाईत त्या काळी हाराशिवाय काही सुरू होत नसे. भट्टी पेटली, हार. क्रेन आली, हार. रशियन इंजिनियर आला की त्यालाही हार, आणि क्रेन व इंजिनियर दोघेही सारख्याच चेहऱ्याने उभे राहत. कारखान्याच्या टाइम ऑफिसात बसून मी हे सगळं पाहत असे आणि त्यावर घरी येऊन बोलत असे. बोलणं हा माझा एकमेव शौक. आणि कॅन्सरची गाठ नेमकी गळ्यातच निघाली.

ऑपरेशन नागपूरला झालं. डॉक्टरांनी बोलायची बंदी केली आणि म्हणाले, "जखम कोरडी झाली की किरणांचा शेक सुरू करू. चिघळली तर थांबावं लागेल, आणि थांबण्याइतका वेळ तुमच्याकडे नाही." हे त्यांनी बायकोसमोर सांगितलं. तेव्हापासून माझा गळा तिच्या ताब्यात होता. कारखान्याची लाल धूळ येते म्हणून खिडक्या बंद. पट्टीजवळ माशी आली तर तिची खैर नव्हती.

अशात आमच्या सेक्टरच्या मंडळाचे अध्यक्ष आले. वाचनालयासाठी मी चार कपाटं पुस्तकं जमवली होती, त्याबद्दल माझा सत्कार ठरला होता. इतकी वर्षं कुणाला तो सुचला नव्हता.

"जयभीम, दादा. तुमी जायच्या आधी उरकून टाकू म्हणलं."

"कुठं जायच्या आधी?" बायकोने विचारलं.

"नागपूरले, वहिनी! शेक घ्यायले!" अध्यक्षांना घाम फुटला.

मी पाटीवर 'नको' लिहिलं. त्यांनी ते वाचलं आणि म्हणाले, "पाहा, किती विनय!"

ब्लॉकसमोरच्या मैदानात लाकडी तखतं जोडून स्टेज झालं. माझ्यावर भाषणं सुरू झाली. मी शांत स्वभावाचा होतो, असं तिघांनी सांगितलं. एकाने माझ्या आठवणीसाठी वाचनालयात फोटो लावायची सूचना केली. मी त्याच्यापासून हातभर अंतरावर बसलो होतो. आयुष्यात प्रथमच मला कुणाला मध्येच तोडता येत नव्हतं आणि वक्त्यांना ते पुरतं ठाऊक होतं.

मग हार आला. झेंडूचा, ओला, पोळ्याच्या बैलालाही वाकवेल असा. अध्यक्षांनी तो दोन्ही हातांनी वर उचलला. मी मागे सरलो, तर खुर्चीमागे माइकचा खांब.

"थांबा भाऊ!" बायको बायकांच्या रांगेतून उठून सरळ स्टेजवर आली. "गळ्यात नाही."

"वहिनी, फक्त टेकवतो."

"टाके ओले आहेत. पाणी गळून राहिलं त्या हाराचं, दिसत नाही का?"

"पण फोटोवाला उभा आहे न जी!"

"मंग त्याच्या गळ्यात टाका."

मैदान हसलं. अध्यक्ष हार वर धरून तसेच उभे. खाली ठेवला तर अपमान, घातला तर बायको. "सत्कार गळ्याशिवाय कसा होईन, वहिनी?"

"शाल द्या. नारळ द्या. गळा मी देत नाही."

अखेर हात भरून आले तसा त्यांनी तो हार तात्पुरता स्वतःच्या गळ्यात अडकवला आणि नारळाकडे वळले. उजेड चालला होता. फोटोवाल्याने तेवढ्यात बटण दाबलं. तो फोटो पुढे वाचनालयात लागला. त्यात अध्यक्ष सत्कारमूर्ती आहेत आणि पट्टी बांधलेला मी त्यांचं कौतुक करायला आलेला कुणी आजारी माणूस.

आठवड्याने नागपूरला डॉक्टरांनी पट्टी सोडली. बायकोने माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं, की गळ्यापेक्षा तेच जास्त दुखत होतं.

"कोरडी आहे," डॉक्टर म्हणाले. "उद्यापासून शेक."

तिने माझं मनगट सोडलं. बाहेर फाटकापाशी एक फुलवाला बसला होता. त्याच्याकडे तिने असं पाहिलं, की त्याने टोपली मागे ओढली.