आमच्या डोक्यावरची गार्ड

आमच्या वरच्या मजल्यावरच्या मुलीने जन्माला आल्यापासून एकही वस्तू कुणाच्या हातात सरळ नेऊन दिलेली नाही. ती फेकते, आणि तेही ज्याला द्यायचं त्याच्याकडे न बघता. माझ्या बायकोने मीठ मागितलं की ही बघणार खिडकीबाहेर, बोलणार माझ्याशी, आणि मिठाची बरणी मात्र येणार बरोबर बायकोच्या ओंजळीत. एका गणपतीत प्रसाद वाटायचं काम कुणीतरी भोळेपणाने तिच्यावर सोपवलं. सिंगापूरच्या तोआ पायोह भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये मंडळी दाटीवाटीने उभी होती. मागच्या रांगेत पुण्याहून नुकताच आलेला एक पोस्टडॉक होता. त्याला काही कळायच्या आत त्याच्या हातात उकडीचा मोदक होता आणि मोदकाची एक कळीही मोडली नव्हती. त्यानंतर तो आमच्याकडे कधीही आला की दारातच दोन्ही हात पुढे करून उभा राहायचा.

ती बास्केटबॉल खेळते. गार्ड आहे. गार्ड म्हणजे वॉचमनसारखं काही तरी असेल अशी माझी अनेक वर्षं समजूत होती. शेवटी तिनेच एकदा मला तिच्या सिंगापुरी बोलीत समजावलं. "सिंपल लाह, काका. बॉल मी आणायचा, कोण मोकळं आहे ते बघायचं, त्याला द्यायचा. पॉइंट त्याचा." मग तुझं काय, असं मी विचारलं, तर तिला प्रश्नच कळला नाही. संघातल्या बाकीच्या मुली ताडमाड आणि ही त्यांच्या खांद्याला लागणारी. पण मैदानावर त्या सगळ्या हिच्या तोंडाकडे बघत पळायच्या, आणि ही भलतीकडेच बघत असायची.

या खेळाचा खरा प्रेक्षक मात्र मीच. कारण तिच्या फरशीखाली माझं छत. आठवडाभर तुआसच्या कारखान्यात यंत्रांचा खडखडाट ऐकून रविवारी जेवणानंतर मी जरा आडवा व्हायला जावं आणि वर चेंडू सुरू व्हावा, हे ठरलेलं. मी फोन केला की तिची आई जमिनीवर सतरंजी अंथरायची. मग ठपठप जाऊन धपधप यायची. हळूहळू मला त्या आवाजातून तिची सगळी खबर लागायला लागली. सामना जिंकला असेल तर चेंडू नाचरा, हरला असेल तर एका जागी मुकाट आपटलेला, आणि गणिताचा पेपर असेल तर बेताल. आईने किती वेळा सांगितलं, घरात चेंडू नको. ही "ओके मम्मी" म्हणून चेंडू आईकडेच फेकायची. आईला तो कधीच झेलता यायचा नाही. तो फ्रीजवर, देव्हाऱ्यासमोर, कधी तर कुकरवर जाऊन आदळायचा, आणि मग खाली माझ्या घरापर्यंत आईचा आवाज यायचा.

ज्युनिअर कॉलेज संपत आलं तशी अमेरिकेतली कॉलेजं तिच्या मागे लागली. कुठल्याशा स्पर्धेत कुणीतरी तिचा खेळ पाहिला होता. मुलीला स्थळं यावीत तशी कॉलेजं येऊ लागली, आणि तिच्या आईने त्यांना वागवलंही तसंच. व्हिडिओ कॉलवर कोच आला की आई साडी नेसून बसायची. मूळ गाव कुठलं, घरी कोण कोण असतं, स्वभावाने तापट तर नाही ना, सगळं विचारायची. वडील रॅफल्स प्लेसच्या बँकेत मोठे अधिकारी, पण घरात त्यांचा अधिकार "बघू" म्हणण्यापुरता. शेवटी आई गोड हसून कळवते म्हणायची, आणि दोन दिवसांनी कळवायची की पत्रिका जमत नाही. आपल्याकडे एवढं म्हटलं की शहाण्या माणसाला सगळं कळतं, पुढे कुणी विचारत नाही. अमेरिकन कोचनाही हा काही तरी धर्माचा विषय असावा असं वाटून ते आदराने माघार घ्यायचे.

असं करत करत एकच कॉलेज उरलं. तेव्हा मुलगी खाली आमच्याकडे आली. पहिल्यांदाच चेंडू काखेत गप्प होता. "काका, मम्मी सगळ्यांना नो म्हणतेय. हे पण गेलं तर फिनिश. तुम्ही बोला ना तिच्याशी, कॅन?" मी कॅन म्हणालो, पण वर जाऊन काय बोलणार? एकुलती एक पोर इतक्या लांब जायची या भीतीला पत्रिकेचं नाव दिलं होतं, हे मला कळत होतं आणि तिच्या आईलाही.

त्या शेवटच्या कॉलेजची कोच मात्र स्वतः घरी आली. सोफ्यावर गुडघे हनुवटीला लागतील एवढी उंच बाई. तिला कांदेपोहे दिले, तिने दोनदा घेतले. मी मध्यस्थासारखा कोपऱ्यात बसून मुलीचे गुण गात होतो. ठरल्याप्रमाणे ती गेली, आणि ठरल्याप्रमाणे पत्रिका जमत नसल्याचा निरोप गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर आलं. बाईंनी आपली जन्मतारीख, जन्मवेळ आणि जन्मगाव पाठवलं होतं. वेळ स्वतःच्या आईला विचारून खात्री केलेली आहे, तरी कृपया पुन्हा एकदा बघावं, अशी विनंती होती.

आता नाही कसं म्हणायचं? आईने खरोखरच पुण्याला ज्योतिष बघणाऱ्या भावाकडे दोन्ही पत्रिका पाठवल्या. भाऊ सरळमार्गी. नाडीदोष नाही, मंगळ नाही, बिनदिक्कत पुढे जा, असं त्याने कळवलं. मग मात्र आईने कोचला फोन लावला आणि इतके दिवस पोटात ठेवलेला एकच प्रश्न विचारला. ही तिकडे आजारी पडली तर उठून कोण बघेल? कोच म्हणाली, मी बघेन. मला खेळायला पाठवताना माझ्या आईनेही हेच विचारलं होतं.

त्या संध्याकाळी वर चेंडू असा काही नाचला की आमच्या पंख्याची पाती हलली. मी सतरंजीसाठी फोन केला नाही.

विमानतळावर तिने सामान आत सोडलं, आईच्या पाया पडली, दही खाऊन झालं होतं तरी पुन्हा साखर खाल्ली. चेंडू अजून हातात होता. आत नेणार का, असं मी विचारलं. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "नो लाह काका, तिकडे खूप आहेत." मी काही तरी उत्तर देत होतो, तोवर चेंडू तिच्या हातात नव्हता. बाजूला डोळे पुसत उभ्या असलेल्या आईने तो छातीशी घट्ट झेलला होता. आयुष्यात पहिल्यांदा. मुलीने तेवढ्यात पाठ फिरवली होती, पण तिला ते माहीत होतं.

रविवारी मी जेवून आडवा झालो. घरभर इतकी शांतता की झोप येईना. किती वर्षं हीच शांतता मागत होतो, आणि आता ती अंगावर आली. मग वर एक ठप्प झालं. जरा थांबून दुसरं. अगदीच नवखं, चुकतमाकत. मी वर गेलो. तिच्या आईने दार उघडलं, पदर खोचलेला, चेंडू काखेत.

"हवा गेलीय का बघत होते," ती म्हणाली. "तुमची झोप मोडली का हो?"

"नाही," मी म्हणालो. "बघत जा रोज. आणि सतरंजी नका अंथरू."