ताईचा संगणक बोलेनासा झाला
ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांचे संगणक निस्तरून तो घरी यायचा, तेव्हा कुठल्याही स्क्रीनकडे बघायची त्याची इच्छा उरलेली नसायची. पण आता थोरल्या बहिणीचा संगणक मुका झाला होता, आणि त्याचं खापर दुसऱ्या कुणावर फोडायची सोय नव्हती. लिनक्स या संगणकप्रणालीची नवी आवृत्ती त्यानेच हौसेने घालून दिली होती.

ताईला दिसत नव्हतं. मुलाखतींची रेकॉर्डिंग ऐकून ती टाइप करून द्यायची, आणि टाइप केलेलं संगणक तिला वाचून दाखवायचा. त्या कोरड्या आवाजाला तिने इतकं भरधाव पळवलं होतं, की घरच्यांना ती नुसती किरकिर वाटे.

आता वाचून दाखवणारा तो प्रोग्रॅम सुरूच होईना. ज्या तयार कोडच्या आधारावर तो चालायचा, त्या कोडची लायब्ररी सापडत नाही म्हणून अडून बसला. ती आणून दिली, तर तिने दुसरी मागितली. दुसरी संगणकात होती, पण नवी. पहिलीला हवी होती जुनी. जुनी बसवावी, तर बाकीचं सगळं बंद पडणार. बायको म्हणाली, त्यापेक्षा नव्या आवृत्तीतला तो गोड आवाज का नाही घेत? ताईने तोही वापरून पाहिला. वेग वाढवला की शब्द एकमेकांत घुसायचे. तिचं काम निम्म्यावर आलं.

"राहू दे रे," ती म्हणाली. "मी हळू ऐकेन. तुझे उसासे इथपर्यंत येतात."

ते त्याला लागलं. शोधता शोधता कळलं, की ती लायब्ररी सांभाळणाऱ्या माणसाने, आता हे कोणी वापरत नाही असं सांगून, काम सोडलं होतं. त्याला राग आला नाही. तोही दमलाच असेल.

सुट्टीच्या दिवशी त्याने दोन्ही जुन्या लायब्रऱ्या जुळवल्या, वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवल्या आणि फक्त त्या एका प्रोग्रॅमला त्यांचा पत्ता दिला. बाकी कशालाही धक्का लागला नाही. हेडफोनमध्ये किरकिर सुरू झाली, तसे ताईचे खांदे सैल पडले.

"किती दिवस टिकेल?"

"पुढच्या अपडेटपर्यंत."

"आणि मग?"

"मग मी आहेच. जातोय कुठे?"

नाइलाजाने का होईना, ती सोडून दिलेली लायब्ररी सांभाळायचं काम त्याने इंटरनेटवर नाव नोंदवून रीतसर अंगावर घेतलं. लगेच कुठल्याशा अनोळखी माणसाचा निरोप आला: माझ्या आईचा संगणकही बोलत नाही, जरा बघता का? ऑफिसातून आल्यावर त्याने बूट काढले, खुर्ची ओढली आणि थोडा वेळ डोळे मिटून नुसता बसून राहिला. मग उत्तर लिहायला घेतलं.