माझा हात वर गेला की वा!

सांगलीला संगीत नाटकं ऐकत वाढले मी. त्यामुळे ऑपेरा म्हणजे इटलीतलं गाणारं नाटक, एवढं मोबाइलवर पहिल्यांदा ऐकलं तेव्हाच कळलं. बाकीचं ऐकून ऐकून शिकले. भाषा काडीची कळत नाही. पण गाणारी बाई श्वास कुठं घेते आणि कुठं चोरते, ते मी बरोबर पकडते. सोप्रानो म्हणजे बायकांतला सगळ्यात उंच आवाज. समोर एवढी वाद्यं, माइक नाही, आणि सूर वर नेऊन तिथंच बारीक करायचा, दिव्याची वात उतरवावी तसा. ओरडणं सोपं असतं हो. वर जाऊन हळू गायचं, अक्षर न चावता, हे अवघड.

हे सगळं मी दोन वर्षं सांगत होते आमच्या थोरल्या जाऊबाईंना. आष्ट्याला आमची घरं भिंतीला भिंत लावून. दुपारी तीनला त्या खुर्ची घेऊन यायच्या, मी फळीवरचा स्पीकर लावायची. वरचा सूर आला की माझा हात आपोआप वर जातो. त्याच वेळी जाऊबाई म्हणायच्या, "वा! लय ग्वाड!" डोळेही पुसायच्या. घरात बाकीचे किंचाळ्या म्हणून हसायचे, तरी मला वाटायचं, एक जाणकार आहे आपल्याकडं.

परवा गाणं ऐन चढावर असताना स्पीकरचं चार्जिंग संपलं. एकदम शांत. बटण बघायला मी फळीकडं हात वर केला, तर जाऊबाई म्हणाल्या, "वा! लय ग्वाड!"

मी त्यांच्या कानाशी जाऊन ओरडले, "आवं जाऊबाई, कानातलं मशीन कुठाय?"

"डब्यात."

"कवापास्नं?"

"पयल्यापास्नं. तुझी बाई वर गेली की मशीन शिट्टी मारतंय गं."

"आन् रडत हुतासा त्ये?"

"तू रडत हुतीस की! मग मी काय लाडू खात बसू?"

हसू यायला हवं होतं, आलं नाही. एकदा एकच गाणं दोन गायिकांचं ऐकवून मी त्यांना विचारलं होतं, सरस कोण? "दुसरी," म्हणाल्या होत्या. माझंही तेच मत. आठवडाभर त्या खुशीत होते मी! आता कळलं, त्यांनी फक्त माझा चेहरा वाचला होता.

दुसऱ्या दिवशी तीनला त्या आल्याच. मी गाणं लावलं आणि दोन्ही हात पदराखाली घेतले. सूर चढला, थांबला, बारीक होत विरला. जाऊबाई माझ्या पदराकडं बघत होत्या. शेवटी अंदाजानं म्हणाल्या, "वा!"

तेव्हा खताची जाहिरात चालू होती.