गुरुवारची तांबोशी

चाकणच्या आमच्या कंपनीला आठवड्याची सुट्टी गुरुवारी. रविवारी जग लोळत असतं तेव्हा आम्ही पंच करतो आणि गुरुवारी जग कामाला जातं तेव्हा आम्ही घरात बायकोच्या पायात पायात येतो. अशाच एका गुरुवारी मी सासऱ्यांना घेऊन खाडीवर मासे धरायला गेलो.

सासरे कोकणातले, जन्म खाडीकाठी गेलेला. ऑपरेशन झालं म्हणून त्यांना पुनावळ्याला आमच्या अकराव्या मजल्यावर आणलं आणि त्यांचं जेवणच तुटलं. दोन घास घ्यायचे, ताट सरकवायचे. डॉक्टर म्हणाले, मागतील ते द्या, पण पोटात जाऊ द्या. ते मागायचे मासा. बाजारातून आणला की वास घेऊन म्हणायचे, "बर्फात बसून कंटाळलाय हा." बघता बघता माणूस निम्मा झाला. त्यांचं ताट उचलताना बायको तोंड फिरवून डोळे पुसायची. शेवटी तिने देवाला साकडं घातलं. मी पडलो कंपनीतला माणूस. मी प्लॅन केला.

म्हणजे लाइनवरच्या मित्राने केला. त्याच्याकडे गाडी आणि अक्कल दोन्ही माझ्यापेक्षा जास्त आहेत, असं त्याचं मत. त्याने रीतसर तक्ता काढला: सहाला निघणे, साडेआठला पोच, पहिल्या तासाला दोन मासे, दुसऱ्या तासाला तीन, बाराला टार्गेट पूर्ण. मी ऑनलाइन गळ मागवला. चार तुकड्यांच्या काठीचा, चकचकीत, सोबत माहितीपुस्तिका. सासऱ्यांनी आदल्या दिवशी एवढंच विचारलं, "जावईबापू, उद्या तिथी कोणती?"

"उद्या गुरुवार, बाबा," मी म्हटलं. ते उठून भिंतीवरच्या कॅलेंडरापाशी गेले.

पेणच्या पुढे खाडीच्या एका आडवळणाला जुना दगडी धक्का आहे. दोन्ही बाजूंना खारफुटी, वारा म्हणून लागत नाही. साडेआठच्या ठोक्याला पोचलो. पाणीच नव्हतं. लांबपर्यंत नुसता चिखल आणि त्यात एक बगळा, तोही आमची कीव करत असावा.

मित्र म्हणाला, "च्यायला, ब्रेकडाउन आहे राव!"

"ओहोटी आहे," सासरे म्हणाले. "आज तृतीया. अडीचला पाणी भरेल. काल त्यासाठीच विचारत होतो."

"मग सांगायचं ना, बाबा!"

"तुमचा कागद तयार झाला होता."

मित्र गाडीत जाऊन घोरायला लागला. मी पुस्तिका वाचून गळ जोडला, तरी एक तुकडा उरलाच. दुपारी पाणी चढलं तसा मी गळ टाकला. पहिल्यांदा प्लॅस्टिकची पिशवी लागली, दुसऱ्यांदा माझीच टोपी. सासऱ्यांनी खिशातून औषधाची रिकामी बाटली काढली. तिच्यावर नायलॉनची दोरी गुंडाळलेली होती. टोकाच्या गळाला कोळंबी लावून त्यांनी ती धक्क्याच्या अगदी पायथ्याशी सोडली आणि दोरीवर बोट ठेवून डोळे मिटले. मला वाटलं, झोपले. तेवढ्यात त्यांच्या हाताला हिसका बसला, पण दोरी सुटली नाही. हातभर तांबोशी वर आली, लालबुंद, शेपटी आपटत. आणि सासरे हसले. ऑपरेशननंतर पहिल्यांदा हसले हो! हातातल्या त्या चकचकीत काठीची मला लाज वाटली.

येताना त्यांनी मासा ओल्या फडक्यात गुंडाळून मांडीवर धरला. कालवणात त्रिफळं घालायची, डोकं टाकायचं नाही, हे मला तीनदा बजावलं. भूक लागली म्हणाले.

बायकोने दार उघडलं, हातात निरांजन. फडक्याकडे बघून ती किंचाळलीच, "अहो, आज गुरुवार!"

तिने साकडं घातलं होतं ते गुरुवारांचंच. वडिलांच्या पोटात अन्न जावं म्हणून अकरा गुरुवार, कडक उपास, घरात मासमच्छी बंद. मला माहीत नव्हतं असं नाही. पण उपासाचा गुरुवार तिचा आणि सुट्टीचा गुरुवार माझा. दोन्ही एकाच दिवशी येतात हे माझ्या टाळक्यात शिरलंच नाही.

"मग सकाळी बोलली का नाहीस?"

"तुम्हाला मासा मिळेल असं मला वाटलंच नव्हतं!"

सासरे माझ्या मागे उभे होते. त्यांनी फडकं पुढे केलं आणि हळूच म्हणाले, "असू दे गं. फ्रीजात ठेव. उद्या बघू."

बर्फातल्या माशाला नाकं मुरडणारा माणूस हे बोलत होता. ती त्यांच्या खोल गेलेल्या गालांकडे बघत राहिली. मग निरांजन चपलांच्या कपाटावर ठेवलं आणि फडकं ओढून घेतलं.

"खवले काढलेत का?"

सासऱ्यांनी दोनदा भात घेतला, डोकं चोखून चोखून संपवलं. ती समोर उपाशी बसून वाढत होती, रडत होती आणि काटे सांभाळा म्हणून त्यांनाच दटावत होती.

चार गुरुवार उरले होते. पुढच्या आठवड्यापासून तिने सोमवार धरले. मी कारण विचारलं.

"सोमवारी तुम्ही कंपनीत असता," ती म्हणाली.