स्टँडसमोरचा फ्लेक्स

लेकीला न विचारता मी अंबडच्या स्टँडसमोर तिच्या अभिनंदनाचा फ्लेक्स लावला. वर ठळक अक्षरांत 'कॅनडात डॉक्टर म्हणून निवड', आणि खाली शुभेच्छुक म्हणून माझा गॉगल घातलेला फोटो, तोही तिच्या फोटोपेक्षा मोठा.

लेक दातांची डॉक्टर, हे खरंच. पण तिथं आपली पदवी चालत नाही, परीक्षा नव्यानं द्याव्या लागतात. तोवर ती एका बेकरीत पाव पिशव्यांत भरत होती. हे मला फ्लेक्स लागल्यावर तिचा फोन आला तेव्हा कळलं.

"बाबा, मी वापस येऊन अंबडलाच दवाखाना टाकणार होते. पण तुमचा फ्लेक्स सगळ्या नातेवाइकांच्या मोबाइलवर फिरून राह्यलाय. आता कोणत्या तोंडानं येऊ?"

"आजच काढतो. तू खुशाल ये," मी म्हणालो. ती नुसती हसली. आली न्हाई.

फ्लेक्स आता अंगणातल्या सोयाबीनच्या गंजीवर टाकलाय. वाऱ्यानं तिच्या चेहऱ्याकडचा कोपरा उडाला की मी जाऊन दगड ठेवतो. काल मला तिथंच उभा राहिलेला बघून बायको म्हणाली, "लेक घरी येत होती, तिला तुम्ही अडवलं. आता बघत बसा तुमचा गॉगल."