अक्कानं गायलेलं सासरचं सुख

अक्का हिवतापानं गेली, असं सगळे म्हणतात. खोटं आहे. तिचं म्हणणं वेळेवर कुणाला कळलं नाही, म्हणून ती गेली.

आज तिची तिथी. मी नव्वदीची, मोबाईलवर टाइप करतेय, चुका पोटात घाला.

नात कॉलेजात मराठी शिकवते. काल वैतागून म्हणाली, "आजी, पोरांना कवितेतला टोनच कळत नाही. लिहिलंय तेवढंच वाचतात."

तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही.

स्वातंत्र्याच्या आधीची गोष्ट. आम्ही आंबी गावचे. माझी थोरली बहीण अक्का वडिवळ्याला दिलेली. दिवाळीला तिला आणायला दादा, आमचा मोठा भाऊ, गेला. सासू म्हणाली, भातकापणी चालू आहे, पाठवणार नाही. आणि हिला इथं काय कमी आहे, तिलाच विचारा.

विचारणार कसं? सासू दारातून हलेना.

दादा रात्री ओसरीवरच झोपला. पहाटे अक्का जात्यावर बसली. नाचणी दळता दळता गायली,

माझ्या गं सासरी सोन्याची पायरी
सासूबाई माझी सावली गं दुपारी

दादा खूश होऊन घरी आला. अक्का लय सुखात हाय म्हणाला. ओवी म्हणून दाखवली. आबाही, आमचे वडील, हसले.

भाकरी थापणाऱ्या आईचा हात तेवढा थांबला.

"माजं नाव घेतलं का तिनं?"

"न्हाई."

"तुजं?"

"न्हाई. समद्या ओव्या सासरच्याच."

आमच्याकडे लेक जात्यावर बसली की देवाची ओवी झाल्यावर माहेर गाते. आईबाप, भाऊ, सगळ्यांना नावानं गुंफते. इथं सख्खा भाऊ ओसरीवर होता, आणि त्याचं नावसुद्धा नाही.

"इतकं ग्वाड कुणी गात न्हाई रं," आई म्हणाली. "पोरगी हाका मारतीय मला."

तवा चुलीवर तसाच टाकून ती निघाली. मागून दादानं गाडी जुंपली.

अक्का गोठ्याशेजारी पडली होती. अंग तापानं फणफणलेलं. तसल्या तापातच तिला दळायला बसवत होते, हे शेजारणीनं सांगितलं. आईनं कुणाला न विचारता तिला उचलून गाडीत घातलं.

कामशेत यायच्या आत ती आईच्या मांडीवर गेली.

जाण्याआधी एकदाच डोळे उघडले, आईला एवढंच विचारलं,

"दादाला न्हाई कळलं व्हय?"

दादा पुढं बसून बैल हाकत होता. त्यानं ते ऐकलं.

अक्का, तू नीट सांगितलं होतंस गं.

तुझ्या धाकटीची, भरल्या डोळ्यांनी, श्रद्धांजली.